सोन्याआधी माती : ओतीव दागिन्याची विद्या आणि धाराशिवचा मुलूख

विजापूरच्या तटावरची मुलूखमैदान तोफ मूळची तिथली नाही. त्याआधी ती धाराशिव जिल्ह्यातल्या परांड्याच्या किल्ल्यात होती आणि सतराव्या शतकात तिथून विजापूरला नेली गेली. तिच्यावर ओतणाऱ्याचे नाव आणि साल कोरलेले आहे: मुहम्मद बिन हुसेन रूमी, हिजरी ९५६, म्हणजे इसवी सन १५४९. तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाची ही तोफ भरते सुमारे ५५ टन. चांदीच्या ओतीव जोडव्यांची जोडी भरते काही ग्रॅम. दोन्ही वस्तू तयार होतात मात्र एकाच नियमाने. आधी वस्तूच्या आकाराची पोकळी करायची, मग ती वितळलेल्या धातूने भरायची.

हा नियम ऐकायला सोपा आहे. शिकायला बसणाऱ्याची पहिली गैरसमजूतही इथेच होते. त्याला वाटते, ओतकाम म्हणजे आग, मूस आणि लाल रसरशीत धातू. प्रत्यक्षात धातू ओतण्याचे काम काही सेकंदांत उरकते आणि त्या क्षणी कारागिराच्या हातात काही उरलेले नसते. दागिना चांगला निघणार की भोकाभोकांचा, हे तोवर मेणाने आणि मातीने ठरवलेले असते. ओतीव दागिने हाताने करायला शिकायचे, तर आधी मातीचे काम शिकावे लागते. धाराशिवच्या मुलखात या गोष्टीचे पुरावेही आहेत आणि अडचणीही.

घडीव, ठशाचा, ओतीव

दागिना करण्याच्या तीन मुख्य वाटा आहेत. घडीव दागिन्यात सोनार कांब ठोकून पत्रा करतो, जंतरातून ओढून तार काढतो, तुकडे कापून, वळवून, डाख देऊन जोडतो. ठशाच्या कामात पातळ पत्रा कोरलेल्या ठशावर ठेवून ठोकतात. तुळजापूरच्या बाजारात मिळणारे देवाचे चांदीचे टाक आणि पुतळ्यांच्या माळेतल्या पुतळ्या या जातीच्या. ओतीव दागिना साच्यातून सबंध बाहेर येतो. कडी, वाळे, जोडवी, घुंगरू, मूठ, पदक असे भरीव आणि गोलाईचे प्रकार या वाटेने सोयीचे पडतात.

मराठी बायकांच्या अंगावरचे सोने बहुतेक घडीव किंवा ठशाचे का, याचे कारण हिशेबाचे आहे. बोरमाळेचा मणी पातळ पत्र्याचा असतो आणि आत लाख भरलेली असते. म्हणून थोड्या सोन्यात गळा भरून दिसतो. तोच मणी भरीव ओतला, तर सोने कितीतरी पट लागेल. त्यामुळे ओतकाम सोन्यात मागे राहिले आणि चांदी, पितळ, कासे यांत वाढले. नळदुर्ग, तुळजापूर, उमरगा भागात बंजाऱ्यांचे तांडे आहेत. जुन्या बंजारा स्त्रियांच्या टोपली, घुगरी, हासली अशा दागिन्यांवर आणि पोशाखाला लावलेल्या घुंगरांवर नजर टाकली, की वजनदार, भरीव धातूची ही दुसरी आवड दिसते.

पितळी घुंगरू हा शिकणाऱ्यासाठी उत्तम नमुना आहे. आतून पोकळ, बाहेरून अखंड, आणि पोटात सुटा खडा. हा खडा आत गेला कसा? आधी खडा किंवा लोखंडाची गोळी मातीच्या गोळ्यात दाबतात. त्या गोळ्यावर मेणाचा थर देतात, खालची चीर मेणातच कापतात, मग बाहेरून माती लावतात. मेण वितळून गेले, की आतली माती आणि बाहेरची माती यांच्यामधल्या फटीत धातू उतरतो. शेवटी चिरेतून आतली माती खरवडून काढली, की खडा मोकळा होतो. पोकळ ओतकामाचे सगळे तत्त्व या बोटाच्या पेराएवढ्या वस्तूत आहे.

कल्याणीच्या राजाची कृती

उमरग्याहून पूर्वेला गाडीने तासाभराच्या अंतरावर बसवकल्याण आहे. आज ते कर्नाटकच्या बीदर जिल्ह्यात मोडते. बाराव्या शतकात ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी होती आणि धाराशिवचा प्रदेश त्यांच्याच राज्यात होता. या घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत शंभर प्रकरणे असलेल्या या ग्रंथात मेणाचा साचा करून धातूची मूर्ती ओतण्याची कृती दिली आहे. ही पद्धत तिथे मधूच्छिष्टविधान या नावाने येते. भारतात अशा कृतीच्या ज्या जुन्या लेखी नोंदी आहेत, त्यांत ही महत्त्वाची गणली जाते.

कृती अशी. मेणाची मूर्ती पूर्ण करावी. तिच्या पाठीवर, खांद्यावर किंवा मुकुटावर धोत्र्याच्या फुलाच्या आकाराच्या लांब मेणनळ्या जोडाव्यात. जळालेले तूस, बारीक कातरलेला कापूस आणि मीठ दगडावर वाटून मातीत मिसळावे. या मातीचा पहिला थर पातळ द्यावा आणि सावलीत वाळवावा. मग दुसरा, मग तिसरा जाड थर. नळ्यांची तोंडे उघडी ठेवावीत. मेणाचे वजन आधीच करून त्या प्रमाणात धातू घ्यावा. साचा तापवून मेण काढून टाकावे आणि नळीच्या तोंडातून धातूची अखंड धार सोडावी. गार झाल्यावर माती फोडून नळ्या छाटाव्यात.

यातला एकही घटक शोभेचा नाही. धोत्र्याच्या फुलाला वर रुंद तोंड आणि खाली निमुळता दांडा असतो. धातू ओतायला नरसाळे हवे असते, ते या आकारात आयतेच मिळते. जळलेले तूस माती भेगाळू देत नाही आणि तिच्यात सूक्ष्म भोके ठेवते. कापसाचे धागे ओल्या मातीला धरून ठेवतात, भाजल्यावर जळून जातात आणि वायूला वाट करून देतात. साच्यातली हवा बाहेर पडली नाही, तर धातू आत शिरत नाही. मीठ मातीचे कण भाजताना थोडे सांधते. पहिला थर पातळ आणि बारीक, कारण मेणावरची प्रत्येक रेघ तोच टिपतो. तिसरा जाड, कारण धातूचा भार त्याला पेलायचा असतो. सावलीत वाळवायचे, कारण उन्हात बाहेरचा थर आधी आक्रसतो आणि तडकतो.

वजनाचे गणित तर आजही कामाचे आहे. सोमेश्वर सांगतो, चांदी मेणाच्या बारा पट घ्यावी आणि सोने सोळा पट. मधमाशांच्या मेणाची घनता ०.९६ च्या आसपास, चांदीची १०.५. म्हणजे नेमकी गरज अकरा पटीला थोडी कमी. बारा पट घेतली, की नरसाळ्यात उरायला दहा टक्के हाती राहते. हा आकडा अनुभवातून आलेला आहे. शुद्ध सोन्याची घनता १९.३, त्यामुळे त्याला वीस पट लागेल. सोळा पटीचा हिशेब जुळतो, तो सुमारे १८ कॅरटच्या मिश्र सोन्याशी. शिकणाऱ्याने यातून घ्यायचा धडा एवढाच, की पट नुसत्या धातूवर ठरत नाही, शुद्धतेवरही ठरते. ९२५ च्या चांदीत एक ग्रॅम मेणाची अंगठी पावणेअकरा ग्रॅमची होते, आणि ओतनळीत राहणारा धातू वेगळा धरावा लागतो.

तेरची पांढरी माती

तेरणा नदीकाठचे तेर हे धाराशिव जिल्ह्यातले गाव बहुतेक मराठी माणसांना संत गोरा कुंभारांमुळे माहीत असते. त्याहून हजारभर वर्षे आधी हे ‘तगर’ नावाचे मोठे व्यापारी नगर होते. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणबरोबर तगरचा उल्लेख आहे. इथला माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर, ही ओळख पक्की केली. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंतून आजचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले.

ओतकाम शिकणाऱ्याने या संग्रहालयातल्या सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती निरखून पाहाव्यात. त्यांतल्या अनेक केओलिन या पांढऱ्या मातीच्या आहेत आणि दोन भागांच्या साच्यात केलेल्या आहेत. पुढचा भाग एका साच्यात दाबायचा, मागचा दुसऱ्यात, मग दोन्ही जोडायचे, म्हणजे मूर्ती आतून पोकळ राहते. डोक्यावरचे अलंकार, कानातली जड कुंडले, गळ्यातले हार या मूर्तींवर इतके स्वच्छ उठले आहेत, की त्या काळच्या दागिन्यांचे ते नमुनेच म्हणावेत. रोमन नाण्यांची नक्कल करणारी, गळ्यात अडकवायची मातीची पदकेही तेरला मिळाली आहेत. हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्तीही इथली. इटलीतल्या पाँपेई शहराच्या अवशेषांत १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे जवळचे नाते आहे.

तेरच्या आसपास सगळीकडे काळी जमीन असताना या कारागिरांनी बारीक कामासाठी पांढरी माती निवडली, यात तंत्राचा मोठा मुद्दा आहे. दख्खनच्या काळ्या दगडातून तयार झालेली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना जोराने आक्रसते. उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच गुणामुळे. साच्याला हा गुण मारक आहे. मेणावर लावलेली काळी माती वाळताना फाटते आणि धातू त्या भेगांत शिरून दागिन्यावर पात्यांसारखे पापुद्रे येतात. केओलिन फार आक्रसत नाही आणि उष्णताही जास्त सोसते.

म्हणून पहिला धडा मातीच्या परीक्षेचा. चाळलेली ओली माती घेऊन दहा सेंटिमीटर लांबीची पट्टी करावी आणि सावलीत पूर्ण वाळू द्यावी. निव्वळ काळ्या मातीची पट्टी साडेआठ सेंटिमीटरपर्यंतही उतरते आणि वाकडी होते. नदीचा गाळ, वारुळाची माती किंवा बाजारात मिळणारे केओलिन मिसळून पुन्हा पट्टी करावी. त्यात वाळलेले शेण किंवा घोड्याची लीद बारीक चाळून घालावी. लिदीतले बारीक तंतू सोमेश्वराच्या कापसाचेच काम करतात, आणि कुंभारांना त्यांचा उपयोग पिढ्यानुपिढ्या माहीत आहे. पट्टी सरळ राहून साडेनऊच्या वर टिकली, की माती कामाची झाली. गावात कुंभार असेल, तर पहिला गुरू त्यालाच करावे.

मेण, नळी आणि हवा

नुसते मधमाशांचे मेण कोरीव कामाला फार मऊ पडते. त्यात राळ घातली, की ते कडक होते. करडईचे किंवा तिळाचे तेल थोडे घातले, की लवचीक होते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळीसच्या पुढे जातो, तेव्हा राळ वाढवावी लागते आणि काम सकाळी लवकर करावे लागते. थंडीत तेल वाढवावे लागते, नाहीतर मेणाची तार वळवताना तुटते. मध्य भारतातले डोकरा कारागीर भोकाच्या पात्रातून मेण दाबून त्याच्या बारीक तारा काढतात आणि मातीच्या गाभ्यावर गुंडाळतात. त्यांच्या दागिन्यांवर दिसणारी दोरीसारखी नक्षी म्हणजे या तारांचाच ठसा.

मेणाचा नमुना झाल्यावर ओतनळी कुठे जोडायची, हा निर्णय सर्वांत अवघड. चांदी किंवा सोने द्रवातून घट्ट होताना आकारमानाने साधारण पाच टक्के घटते. ही तूट भरायला धातू कुठूनतरी यावा लागतो. नळी दागिन्याच्या जाड भागाला जोडली आणि त्या भागाहून जाड ठेवली, तर नळीतला धातू शेवटी घट्ट होतो आणि तोवर दागिन्याला पुरवठा करत राहतो. नळी बारीक ठेवली, की ती आधी गोठते आणि मग दागिन्याच्या पोटात खड्डा पडतो. नवशिक्याच्या अंगठीवर जे खडबडीत, स्पंजासारखे ठिपके दिसतात, त्यांचा दोष बहुतेकदा चांदीवर टाकला जातो. खरा दोष असतो नळीचा.

दुसरी अडचण लहान आकाराची. मूर्तीपेक्षा दागिना ओतणे अवघड असते, कारण वितळलेल्या चांदीचा पृष्ठताण पाण्याच्या सुमारे बारापट असतो. बारीक फटीत शिरायला ती नाखूश असते. एक मिलिमीटर व्यासाच्या तारेएवढ्या जागेत चांदी घुसवायची, तर तिच्या डोक्यावर सुमारे चार सेंटिमीटर उंचीचा चांदीचाच भार हवा. अर्ध्या मिलिमीटरला आठ सेंटिमीटर. म्हणून हाताने ओतायच्या दागिन्यात नळी उंच ठेवतात, नक्षी फार बारीक ठेवत नाहीत, आणि साचा स्वतः लालसर तापलेला असतानाच धातू ओततात, म्हणजे धातू वाटेत गोठत नाही. पारंपरिक ओतीव दागिन्यांचा ठसठशीतपणा ही केवळ आवड नव्हे, त्यामागे हे गणितही आहे.

या अडचणीवर यंत्राचा उतारा एका दंतवैद्याकडून आला. अमेरिकेतल्या विल्यम टॅगार्ट यांनी १९०७ मध्ये दातातले सोन्याचे भरण दाब देऊन मेणसाच्यातून ओतण्याची पद्धत मांडली. पुढे फिरत्या यंत्राने किंवा निर्वाताने धातू साच्यात ओढून घेण्याची तंत्रे दागिन्यांच्या कारखान्यांत आली, आणि रबरी साच्यांमुळे एकाच नमुन्याचे शेकडो मेणी नमुने काढता येऊ लागले. दुकानातली बरीचशी हलकी अंगठी-पदके आज अशीच तयार होतात. मातीची जागा जिप्समच्या भुकटीने घेतली. पण मेण घालवायचे आणि त्याची जागा धातूने भरायची, हे मूळ तत्त्व मोहेंजोदडोच्या साडेदहा सेंटिमीटरच्या ‘नर्तकी’पासून बदललेले नाही.

आगीपाशी

साचा भाजण्यात घाई चालत नाही. मेण साठ-पासष्ट अंशांना वितळते, त्यामुळे बरेचसे आधीच निथळून काढता येते. मातीत मुरलेले मेण जाळायला मात्र साचा हळूहळू सहाशे अंशांच्या पुढे न्यावा लागतो. मेणाचा काळा कोळसा आत राहिला, तर त्याचा वायू होऊन दागिना फुगेरी निघतो. ओल राहिली, तर धोका त्याहून मोठा. पाण्याची वाफ होताना ते सुमारे सतराशे पट जागा मागते, आणि वितळलेल्या धातूखाली ही वाफ स्फोटासारखी उसळते. ओला साचा, ओली सांडशी, घामाने भिजलेला हातमोजा यांतले काहीही मुशीजवळ येता कामा नये.

शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, सोने १०६४ ला, तांबे १०८५ ला. चांदीत तांबे मिसळले, की मिश्रण शुद्ध चांदीपेक्षा खालच्या तापमानाला वितळते. ९२५ ची चांदी ८९३ अंशांना पूर्ण पातळ होते. सोनार टाकणखार घालतो, तो मळ आणि ऑक्साइड विरघळवून वर आणतो. चांदीची आणखी एक खोड आहे. पातळ असताना ती आपल्या आकारमानाच्या सुमारे वीसपट ऑक्सिजन शोषून घेते आणि गोठताना तो बाहेर टाकते. त्याने पृष्ठभाग फोडांनी भरतो. मुशीत वर कोळशाची भुकटी पसरली, की हवा चांदीपर्यंत पोचत नाही. उस्ताद कारागीर चांदीला कारण नसताना जास्त वेळ आगीवर ठेवत नाहीत, त्यामागे हेच रसायन आहे.

पितळेचे भय वेगळे आहे. त्यातले जस्त ९०७ अंशांना उकळते. पितळ ओतण्याइतके तापले, की जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला, तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. त्यामुळे पितळ उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून ओतावे. याहून वाईट कॅडमियम. सराफांच्या पाट्यांवर वर्षानुवर्षे झळकलेले ‘केडीएम’ म्हणजे कॅडमियमच्या डाखाने जोडलेला दागिना. हा धूर ओढणाऱ्या कारागिराची फुप्फुसे आणि मूत्रपिंडे कायमची बिघडू शकतात. शिकणाऱ्याने कॅडमियमचा डाख वापरूच नये.

दागिना बाहेर आल्यावर नळी करवतीने कापायची, कानसीने घासायची. चांदीवरचा काळा थर तुरटीच्या किंवा चिंचेच्या गरम पाण्यात सुटतो, रिठ्याच्या पाण्यात मळ निघतो, आणि ओपणीने दाबून घासल्यावर झळाळी येते. ही कामे घडीव दागिन्यासारखीच.

सोपी सुरुवात

मेणाकडे जाण्याआधी दोन सोप्या वाटा आहेत. पहिली समुद्रफेसाची. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मिळणारे हे पांढरे, हलके हाड माकूल या सागरी प्राण्याचे असते. ते उभे कापून दोन्ही तुकडे एकमेकांवर घासले, की सपाट होतात. त्यांत अंगठीचा कडक नमुना दाबायचा किंवा आकार सुरीने कोरायचा, वर ओतनळी आणि बाजूला हवेसाठी बारीक चरे काढायचे, तारेने बांधायचे आणि चांदी ओतायची. साचा एकदाच चालतो. पण त्याच्या अंगच्या बारीक रेघा दागिन्यावर उमटतात आणि त्या छान दिसतात. युरोपातले सोनार ही पद्धत शतकानुशतके वापरत आले आहेत.

दुसरी वाट वाळूची. बारीक वाळूत थोडी माती आणि तेल मिसळून ती दोन चौकटींत दाबतात, मधे नमुना ठेवून काढून घेतात. बीदरचे कारागीर याच तत्त्वाने काम करतात. बीदर धाराशिवच्या शेजारचे, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत दोन्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. बिदरी कामात सोळा भाग जस्ताला एक भाग तांबे घेऊन वस्तू ओततात, तिच्यावर नक्षी खोदून चांदीची तार ठोकून बसवतात, आणि शेवटी जुन्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या गरम द्रावणाने ती घासतात. जस्त काळेभोर होते, चांदी मात्र पांढरी राहते. हुक्के आणि सुरया यांच्या जोडीला आता बिदरी पदके, कर्णफुले, बांगड्याही निघतात. जुन्या तंत्राला नव्या गिऱ्हाइकाचा दागिना कसा सापडतो, हे इथे पाहायला मिळते.

मेणाची वाट जिवंत पाहायची, तर विदर्भाच्या सीमेपलीकडे आदिलाबाद भागात जावे. तिथले ओझा कारागीर गोंड समाजासाठी देवाच्या वस्तू, घुंगरू आणि दागिने ओततात. या डोकरा कामाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. डोकरा कारागीर अनेकदा धातूचे तुकडे साच्यालाच जोडलेल्या मातीच्या वाटीत बंद करतात, सगळे एकत्र तापवतात आणि शेवटी उलटे करतात. धातू उघड्या हवेत येतच नाही. सोमेश्वराच्या कृतीतही धातू नारळाच्या आकाराच्या मातीच्या कोशात बंद करायला सांगितला आहे, हे साम्य लक्षात घेण्यासारखे आहे.

शिकायचे कुठे, पुढे काय

औपचारिक शिक्षण हवे असेल, तर मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात धातुकामाची जुनी परंपरा आहे. तिथल्या कारागिरी शाळा १८९१ मध्ये सुरू झाल्या. घरचाच धंदा सोनाराचा, कुंभाराचा किंवा मूर्तिकाराचा असेल, तर १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना पाहावी. तिच्या अठरा व्यवसायांत हे तिन्ही आहेत. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. नोंदणी सामायिक सेवा केंद्रात होते. हे प्रशिक्षण ओतकामापुरते नाही आणि आठवड्यात कोणी ओतारी होत नाही. पण भट्टी, वजनकाटा आणि चांगल्या मुशी यांचा खर्च त्यातून निघू शकतो.

सोन्यात उतरायचे असेल, तर हॉलमार्कचा नियम आधी समजून घ्यावा. १६ जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकी ओळखक्रमांक लागतो. शिकाऊ हाताने ओतलेल्या सोन्यात भेसळ नकळतही होऊ शकते, कारण मुशीत आधीच्या धातूचा अंश राहतो. म्हणून प्रत्येक धातूची मूस वेगळी ठेवावी.

कारखान्याशी किमतीची स्पर्धा हाताने ओतणाऱ्याला करता येणार नाही, आणि ती करूही नये. हाताचा दागिना विकला जाईल तो त्याच्या वजनदारपणावर, मातीने दिलेल्या पोतावर, आणि फुटलेल्या साच्यातून तसाच दुसरा निघत नाही, या गोष्टीवर. तेरच्या मूर्तींवरची कुंडले आणि हार, तांड्यावरच्या घुगऱ्या, तुळजाभवानीच्या भाविकांची पदकांची हौस असा नमुन्यांचा आणि गिऱ्हाइकांचा साठा या जिल्ह्यात आहे. उणीव आहे ती धीराने माती मळणाऱ्या हातांची.

ज्याला शिकायचे आहे, त्याने एकदा तेरचे संग्रहालय पाहावे, जवळच्या कुंभाराकडे बसावे, मातीच्या पट्ट्या वाळवून मोजाव्यात, मेणाच्या अंगठ्या करून मोडाव्यात. साचा न तडकता भाजून निघेपर्यंत चांदी विकत घेऊ नये.